स्प्रिंगब्रुकला निघण्याआधी

"आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना धबधबे दाखवायचेत," असं सांगत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या स्प्रिंगब्रुक राष्ट्रीय उद्यानाच्या आमच्या सहलीसाठी बहुतेक फोन येतात. आम्ही आधी गुडघ्यांची चौकशी करतो.

पर्लिंग ब्रुक धबधब्याचं पाणी 100 मीटरहून उंच कड्यावरून कोसळतं. वरच्या कठड्यापर्यंत गाडीतळापासून थोडंसंच चालायचं. खाली उतरून फेरी पुरी करायची तर 4 किलोमीटर, साधारण दोन तास आणि भरपूर पायऱ्या. ही फेरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे करा, चढ त्यातल्या त्यात सोपा जातो. ज्यांना झेपणार नाही त्यांनी खुशाल कठड्याशी थांबावं. धबधबा तिथूनही पुरता दिसतो.

जून-जुलैत धबधबे भरभरून वाहतात, हा आपला हिशेब क्वीन्सलँडमध्ये उलटा. तेव्हा इथे कोरडा हिवाळा, धार बारीक आणि पठारावर चांगलीच थंडी. स्वेटर घ्याच. पावसाचे महिने डिसेंबर ते मार्च. अतिवृष्टीत वाटा बंद झाल्या तर सहल पुढे ढकलतो, तुमचे पैसे अडकत नाहीत.

'बेस्ट ऑफ ऑल' या ठिकाणाच्या वाटेवर शेवाळानं मढलेले अंटार्क्टिक बीच वृक्ष आहेत. भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकाच भूखंडात होते, त्या काळातल्या वनांचा हा वारसा. त्या भूखंडाचं गोंडवना हे नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं. 1994 पासून जागतिक वारशात असलेली ही जंगलंही आज त्याच नावानं ओळखली जातात. विदर्भातले पाहुणे इथे हमखास रेंगाळतात.

अंधार पडल्यावर नॅचरल ब्रिज. छत फुटलेल्या बेसाल्टच्या गुहेत ओढा वरून उडी घेतो आणि भिंतींवर निळसर ठिपके चमकतात. हे काजवे नव्हेत, एका चिलटासारख्या माशीच्या अळ्या आहेत. उजेडानं भुलवून चिकट धाग्यांत किडे पकडतात. त्यांच्यावर टॉर्च किंवा मोबाइलचा उजेड पडला की त्या विझतात. डास पळवणारं मलम लावून गुहेत येऊ नका, त्यांना ते बाधतं. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्या. नातवंडांना आधीच समजावलेलं बरं. गुहेच्या डोहात उतरायला बंदी आहे.

ओल्या दिवसांत जळवा असतात, म्हणून पँट मोज्यात खोचा. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या मोठ्या, लवदार पानांना हात लावू नका. त्या झाडापुढे खाजकुयली परवडली, आग कित्येक दिवस जात नाही.

उद्यानात कचराकुंड्या नाहीत. थेपल्यांचे कागद आणि केळ्याच्या सालीसुद्धा गाडीतून परत येतात. पिशवी आम्ही देतो.