मानसोपचार घेतले म्हणून नोकरी जात नाही

"सायकियाट्रिस्टकडे गेलात की सर्व्हिस बुकात शेरा येतो, मग बसा घरी!" मुंबईच्या स्टाफरूममध्ये हे वर्षानुवर्षं फिरतंय. म्हणून परळच्या शाळेतल्या बाई, केईएम हाकेच्या अंतरावर असताना, गोळ्या आणायला लोकलने कल्याण गाठतात. उगाच हेलपाटा.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23नुसार उपचारांची माहिती गोपनीय असते. डॉक्टर परस्पर हेडमास्तरांना कळवू शकत नाहीत. नोकरीत असताना आजारातून अपंगत्व आलं, तरी 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे सरकारी किंवा पालिकेच्या शाळेला त्यावरून काढून टाकता येत नाही. शिपाईमामांनाही हेच लागू. वैद्यकीय रजेला दाखला मात्र लागतोच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे. पेपर तपासून झाल्यावर रात्री अकरालाही मराठीत बोलता येतं.