डायनासोरांचे चित्रण व मूर्तिकाम

जीवाश्मरूपात सापडलेल्या हाडांवरून डायनासोरांचे जिवंतपणीचे रूप कागदावर किंवा मातीत उभे करण्याची कला. ‘पॅलिओआर्ट’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या मुलांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे पेपर ठाऊक असतात. डायनासोर या दोन्हींत बसत नाही. समोर मांडायला वस्तू नाही, आणि तो कोणाच्या स्मरणात असण्याचा प्रश्नच नाही. स्मरणात असते ते दुसऱ्या कोणी काढलेले चित्र. नवशिक्यांच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

म्हणून सुरुवात सांगाड्यापासून करावी लागते. प्राण्याची बाजूने दिसणारी काळी छायाकृती आणि तिच्यात पांढरी हाडे, असे आराखडे ही या कलेची बाराखडी होय. अमेरिकन चित्रकार ग्रेगरी पॉल यांच्यामुळे ही पद्धत रूढ झाली. आराखड्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी फक्त पाठीच्या कण्याची एक सलग रेषा ओढायची, मग कवटी, छातीचा पिंजरा आणि कंबर असे तीन गोळे, आणि मग पाय.

बहुतेकांचे घोडे पायाशी अडते. दोन पायांवर चालणाऱ्या डायनासोराचा गुडघा मागे वाकतो असे वाटते, कारण कोंबडीचाही तसाच वाकताना दिसतो. तो गुडघा नव्हेच. ताटात येणारी तंगडी म्हणजे नडगीचा भाग. तिचे वरचे, मांडीला जोडलेले टोक हा खरा गुडघा, आणि तो आपल्यासारखाच पुढे येतो. तंगडीचे खालचे टोक, जिथून खवल्यांचा पिवळा पाय सुरू होतो आणि दुकानदार जिथे सुरी चालवतो, तो घोटा. जिवंत कोंबडीत गुडघा पिसांखाली लपतो, म्हणून आपण घोट्यालाच गुडघा समजतो. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज असल्यामुळे हे निरीक्षण नुसते उपमेपुरते नाही. फक्त शेपटीच्या बाबतीत कोंबडी उपयोगाची नाही. डायनासोरांत मांडी मागे खेचणारा मोठा स्नायू शेपटीच्या बुंध्यातून येत असे. तो मगरीत पाहायला मिळतो. बुंध्याशी दोरीसारखी बारीक शेपटी काढली की तो स्नायूच नाहीसा होतो आणि प्राणी चालेल असे वाटत नाही. मांसाहारी डायनासोरांच्या हातांचे तळवे टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर असत. पेटीवर बोटे टेकवल्यासारखे खाली वळलेले नसत. ही चूक आजही विकतच्या खेळण्यांत सर्रास दिसते.

या कलेचा इतिहास चुकांच्या दुरुस्तीचा आहे, आणि शिकणाऱ्याने तो तसाच वाचावा. ‘डायनासोर’ हे नाव घडवणारे (1842) शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या सल्ल्याने शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी लंडनमधील सिडनम येथे पूर्णाकृती पुतळे उभारले. 1854 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्यांतला इग्वानोडॉन हा शाकाहारी डायनासोर गेंड्यासारखा चार पायांवर उभा आहे आणि त्याच्या नाकावर शिंग आहे. 1878 मध्ये बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे अख्खे सांगाडे सापडू लागले, तेव्हा ते ‘शिंग’ म्हणजे अंगठ्याचे टोकदार हाड असल्याचे स्पष्ट झाले. मग जीवाश्मतज्ज्ञ लुई डोलो यांच्या देखरेखीखाली सांगाडा कांगारूसारखा, शेपटी जमिनीला टेकवून उभा करण्यात आला, तीही चूकच ठरली. त्या शेपटीत हाडासारखे कठीण झालेले कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) होते. मोडल्याशिवाय ती तशी वाकलीच नसती. शेपटी आडवी, पाठ आडवी आणि शरीर कमरेवर तोललेले, ही आजची ठेवण 1969 नंतर रुळली. त्या वर्षी अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या चपळ मांसाहारी डायनासोराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट बॅकर यांनी त्याचे धावतानाचे चित्र काढले. सिडनमच्या पुतळ्याच्या नाकावर शिंग मात्र अजून आहे, आणि ते तिथे राहावे हेच बरे.

चित्र शिकणाऱ्याने मातीतही काम का करावे, याचे उत्तर चार्ल्स नाइट (1874–1953) यांच्या कामात सापडते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी चित्रे काढणाऱ्या या कलाकाराची दृष्टी फार अधू होती. ते आधी प्राण्याची छोटी मूर्ती करत, ती उन्हात ठेवून सावल्या कुठे पडतात ते पाहत, आणि मग रंगवत. बाजूच्या आराखड्यात प्राण्याची जाडी कळत नाही. मूर्ती फिरवून पाहिली की छातीची रुंदी किती आणि मान नेमकी कुठून निघते हे ठरवावेच लागते, तिथे लपवाछपवी चालत नाही.

मूर्तीसाठी आधी प्रमाण ठरवतात. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ‘सू’ हा टायरॅनोसॉरसचा सांगाडा सुमारे 12.3 मीटर लांब आहे. 1:40 प्रमाणात तो 31 सेंटीमीटरच्या आसपास येतो, म्हणजे टेबलावर मावतो. आराखडा त्याच मापाचा छापून घ्यायचा आणि त्यावर ठेवूनच ॲल्युमिनियमची तार वाकवायची. डोक्यापासून शेपटीपर्यंत एक तार आणि दोन्ही पायांसाठी कमरेशी पीळ दिलेली दुसरी. पोट नि छाती ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यांनी भरून काढली की माती कमी लागते आणि वजनही वाढत नाही.

आपल्याकडे हाताशी असते ती गणपतीची शाडू. नवशिका ती तारेवर थापतो, संध्याकाळी मूर्ती देखणी दिसते, आणि वाळत गेली की मानेवर व पायांवर भेगा पडतात. शाडू वाळताना आकसते, आतली तार आकसत नाही. मग ताण मातीवर येतो. शाडूत करायचेच असेल तर बसलेला किंवा झोपलेला डायनासोर तारेशिवाय भरीव करावा. उभ्यासाठी न वाळणारी तेलाची माती, ओव्हनमध्ये सुमारे 130 अंश सेल्सियसला पक्की होणारी पॉलिमर क्ले किंवा नळाच्या गळतीला लावतात ते एम-सील बरे. एम-सील लवकर घट्ट होते, त्यामुळे थोडे थोडेच मळावे. पायांची बोटे आणि नख्या त्यात छान निघतात.

एक चाचणी उपयोगी पडते. तार आणि फॉइलचा ढाचा तयार झाला की कमरेला दोरा बांधून तो लोंबकळत ठेवायचा. डोके धाडकन खाली गेले तर बहुधा शेपटी आखूड किंवा बारीक झाली आहे. मात्र थोडा झुकाव चालवून घ्यावा. खऱ्या प्राण्याच्या मानेत व छातीत हवेच्या पिशव्या होत्या, पुढचा भाग हलका होता. मूर्ती सगळीकडे सारखीच जड असते.

त्वचेवर हात फिरवताना उत्साह आवरावा लागतो. टायरॅनोसॉरसच्या त्वचेचे जे ठसे मिळाले आहेत त्यांतले खवले काही मिलिमीटरचेच आहेत. 1:40 च्या मूर्तीत ते दिसणारच नाहीत. तरी नवशिके मगरीच्या पाठीसारखे मोठे खवले कोरत बसतात. सुरकुत्या, मांड्यांवरच्या घड्या आणि मानेखालची सैल कातडी यांनी मूर्ती जास्त जिवंत होते. याउलट कवटीतले प्रत्येक भोक आणि प्रत्येक बरगडी कातडीतून दिसली तर प्राणी उपाशी वाटतो. रंग पूर्वी सर्वस्वी चित्रकाराच्या मर्जीवर असे. चीनमधील पिसांच्या जीवाश्मांत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण ओळखता आले आणि 2010 मध्ये सायनोसॉरॉप्टेरिक्स या छोट्या डायनासोराच्या शेपटीवर तांबूस नि पांढरे पट्टे होते असा निष्कर्ष निघाला. बाकी बहुतेक जातींसाठी स्वातंत्र्य अजून शाबूत आहे.

मराठी मुलांना घरचा विषय हवा असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा इसिसॉरस आहे. लांब मानेचा हा शाकाहारी प्राणी 1997 मध्ये वर्णिला गेला. 2003 मध्ये मिळालेल्या आजच्या नावात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरे आहेत. त्याची कवटी मिळालेली नाही. डोके काढायचे तर मादागास्करच्या रॅपेटोसॉरससारख्या नातेवाइकाचे उसने घ्यावे लागते, आणि तसे केल्याचे चित्राखाली लिहिण्याचा प्रघात आहे. पायाखालची जमीनही विचारपूर्वक रंगवावी लागते. डायनासोरांच्या चित्रात गवत काढायचे नाही, हा चित्रकारांचा जुना दंडक होता, कारण गवत त्यांच्यानंतर आले असे मानले जाई. त्याच जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळालेल्या डायनासोरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून इसिसॉरसच्या पायाशी गवताचे चार-दोन झुबके काढले तर हरकत घेता येत नाही. हिरवीगार कुरणे मात्र काढू नयेत.