भिंगपारख (जुनी क्रीडाकार्डे)

जुन्या क्रीडाकार्डाची (खेळाडूचे चित्र छापलेल्या, हौशी लोक जमवतात त्या कार्डाची) छपाई भिंगाखाली तपासून ते अस्सल की बनावट हे ठरवण्याची रीत. खेळाडूचा चेहरा, रंग, कागदाचा पिवळेपणा यांची नक्कल जमते. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागदही जुना दिसतो. शाई कागदावर कशी बसली आहे, याची नक्कल मात्र फार अवघड असते.

फसवणुकीमागे मोठा पैसा आहे. बेसबॉलपटू मिकी मँटलचे, टॉप्स या कार्डे छापणाऱ्या कंपनीचे १९५२ चे ३११ क्रमांकाचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले.

सुरुवातीला दहापट भिंग पुरते. कोल्हापुरात गुजरीतले सराफ हिरा पाहताना ते वापरतात. छापखान्यात रंग जागेवर बसला की हलला, हेही असल्याच भिंगातून बघतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवावे आणि कार्ड हळूहळू वर आणावे. नवखा माणूस भिंग कार्डावर धरून लांबून बघतो आणि पहिली नजर चेहऱ्यावर टाकतो. आधी बघायची ती नावाची अक्षरे आणि चौकटीची रेघ.

त्याचे कारण छपाईत आहे. ऑफसेटच्या (पत्र्यावरची शाई रबरामार्फत कागदावर उतरवण्याच्या छपाईच्या) मूळ कार्डात चित्र ठिपक्यांच्या जाळीतून उतरते, पण अक्षरे आणि रेघा बहुधा वेगळ्या तयार करून सलग शाईत छापलेल्या असतात. नक्कल करणारा अख्खे कार्ड स्कॅन करतो, त्यामुळे अक्षरेही ठिपक्यांत फुटतात. इंकजेटच्या छपाईत काळ्या ‘एम’च्या पायाशी निळे, गुलाबी, पिवळे शिंतोडे दिसतात. लेझरच्या छपाईत अक्षराभोवती पावडरीचे कण उडालेले असतात. चित्रात जुन्या जाळीवर नवी जाळी चढली की लहरींसारखे पट्टे उमटतात.

१९०९ ते १९११ मधील ‘टी २०६’ ही सिगारेटच्या पाकिटातली कार्डे शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापण्याच्या, घराण्यातली. त्यांवरची तपकिरी नावे सलग शाईची असतात. मराठी घरांत हे घराणे ओळखीचे आहे: राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातली जुनी तसबीर भिंगाखाली धरली तर ओबडधोबड, विखुरलेले कण दिसतात, तिच्या आजच्या ऑफसेट प्रतीत ठिपक्यांची नेटकी फुले दिसतात. कार्डांकडे वळण्याआधी डोळा तयार करायला याहून सोपा धडा नाही.

कंपन्यांनी स्वतः काढलेली पुनर्मुद्रणेही घात करतात. टॉप्सने १९८३ मध्ये १९५२ चा संच पुन्हा काढला, पण आकार लहान ठेवला. म्हणून आधी मोजपट्टी लावावी. काही पुनर्मुद्रणांच्या पाठीवरचा ‘रीप्रिंट’ शब्द खरवडून काढलेला असतो. तिरप्या उजेडात त्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात.

झिजलेल्या कडा कापून नवे भासवलेले अस्सल कार्ड मात्र छापलेल्या अक्षरांवरून पकडता येत नाही, कारण त्याची शाई खरीच असते. तिथे कडेचा ताजा, पांढरा काप शोधावा. त्याच संचातले एखादे स्वस्त, खात्रीचे कार्ड शेजारी ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय.

कोल्हापुरात ही नजर कुस्तीच्या जुन्या फोटोंनाही लावता येते. खासबागेतल्या लढतीचा किंवा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले कांस्यपदक विजेते खाशाबा जाधव यांचा फोटो ‘मूळ प्रिंट’ म्हणून समोर आला, तर भिंग लावावे. डार्करूममध्ये धुतलेल्या फोटोत राखाडी छटा अखंड उतरते. छपाईची जाळी दिसली, तर तो वर्तमानपत्रातून किंवा पुस्तकातून उतरवलेला आहे.