तुटलेली मान, ओले कातडे आणि पितळी खिळे

अमेरिकी घोडदळाची 1873 सालच्या बनावटीची स्प्रिंगफील्ड कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, कारखान्यातून बाहेर पडे, तेव्हा तिच्यात आणि तिच्या शेजारच्या कार्बाइनमध्ये क्रमांक सोडला तर काहीही वेगळे नसे. काळ्या अक्रोडाचा, जवसाचे तेल मुरवलेला दस्ता, 22 इंच लांबीची नळी, एका वेळी एकच काडतूस आणि सुमारे 3 किलो वजन. हीच बंदूक लढाईत किंवा देवघेवीत लाकोटा, शायान अथवा उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरील अन्य एखाद्या जमातीच्या घोडेस्वाराच्या हाती गेली, की काही वर्षांत ती सर्वस्वी त्या एका माणसाची होऊन जाई. दस्त्याच्या दोन्ही अंगांना पितळी खिळ्यांच्या ओळी जडवल्या जात, जिथे लाकूड तडकले असेल तिथे कच्च्या कातड्याचे घट्ट वेष्टण बसे, आणि कधी लाल बनातीची पट्टी, तर कधी पिसे बांधली जात. अशा बंदुका आज अमेरिकेतील अनेक संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्याकडे बहुधा सजावटीचे नमुने म्हणून पाहिले जाते. मला हा शब्द फार अपुरा वाटतो, कारण कातडे, लाकूड आणि धातू यांच्या गुणधर्मांची जी बारीक जाण त्या कामात दिसते, ती दृष्टीआड करून या वस्तू समजतच नाहीत.

बंदुकीतील सर्वांत दुबळी जागा म्हणजे दस्त्याची मान. हाताची मूठ नीट बसावी म्हणून लाकूड तिथे बारीक केलेले असते, त्यातच घोड्याची कळ आणि चापाचे भाग बसवण्यासाठी ते आतून कोरलेले असते, आणि मान वळते तिथे लाकडाच्या रेषा तिरक्या तुटतात. लाकूड रेषांच्या दिशेने ओढले असता जेवढा ताण सोसते, त्याच्या दशांश ताणसुद्धा ते रेषांना आडवे ओढल्यावर सहसा सोसत नाही. साहजिकच घोड्यावरून पडताना किंवा हातघाईच्या लढाईत बंदूक सोट्यासारखी वापरताना ती नेमकी मानेत मोडे. लष्कराकडे शस्त्रांचे कारागीर असत, बदली दस्तेही असत. बायसनच्या कळपांमागे फिरणाऱ्या तांड्यात यांपैकी काहीच नव्हते; कातडे मात्र मुबलक होते.

दुरुस्तीची रीत दिसायला साधी होती. केस काढून खरवडलेले, पण न कमावलेले कातडे पाण्यात भिजवून मऊ करायचे, तडकलेल्या मानेभोवती ते ताणून गुंडाळायचे, आरीने भोके पाडून प्राण्याच्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या तंतूंनी त्याची शिवण घालायची आणि ते वाळू द्यायचे. वाळताना कातडे आक्रसते, तंतूही आक्रसतात, आणि तडकलेली दोन्ही अंगे एकमेकांवर अशी दाबली जातात की मान पुन्हा कामाची होते.

या आक्रसण्यामागे कोलॅजेन नावाचे प्रथिन आहे. कातड्याचा मुख्य घटक हाच आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांचाही हाच. तीन साखळ्या दोरीसारख्या एकमेकींभोवती वळून त्याचा एक रेणू बनतो. तो सुमारे 300 नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो. ओल्या कातड्यात या रेणूंच्या मध्ये पाणी असते, त्यामुळे तंतू एकमेकांवरून सरकू शकतात आणि कातडे वळते. पाणी निघून गेले की रेणू एकमेकांना भिडतात, त्यांच्यात थेट बंध तयार होतात, आणि वस्तू आखडून ताठ होते. पॉट्सडॅम येथील माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले की पूर्ण वाळताना कोलॅजेनचा रेणू स्वतःही एक-दीड टक्क्याने आखूड होतो, आणि दोन्ही टोके धरून ठेवली तर त्या तंतूत 100 मेगापास्कलपर्यंत ताण निर्माण होतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक टन. आपला स्नायू जास्तीत जास्त जोर लावतो, त्याच्या तीनशेपट हा आकडा आहे. बंदुकीच्या मानेवरचे कातडे इतके शुद्ध आणि सरळ तंतूंचे नसते, त्यामुळे तिथला ताण पुष्कळ कमी असणार; तरी एक भेग मिटवून धरायला त्याचा लहानसा अंशही पुरेसा आहे.

महाराष्ट्रात हा गुणधर्म कुणाला वेगळा शिकवावा लागत नाही. हलगी वाजवणारा वादनाआधी जाळ करून हलगी शेकतो, ती हवेतली ओल काढून कातडे ताणले जावे म्हणूनच, आणि पावसाळी हवेत तिचा आवाज बसतो तो याच कारणाने. बंदुकीच्या दुरुस्तीत मात्र एक धोका होता. वाळके कातडे बरीच उष्णता सोसते, परंतु ओल्या कातड्याचे तापमान 60 ते 65 अंश सेल्सियसच्या आसपास गेले की कोलॅजेनची वळी उलगडते, कातडे एकदम गोळा होते आणि त्याची वाटचाल सरसाकडे, म्हणजे कातड्यापासून होणाऱ्या डिंकाकडे, सुरू होते. म्हणून ओले वेष्टण शेकोटीपाशी धरून चालत नाही. ते सावकाशच वाळावे लागते. ज्या बायका बायसनची कातडी खरवडून, मेंदूतील स्निग्ध द्रव्ये चोळून आणि धूर देऊन मऊ करीत, त्यांना कातडे कुठे कच्चे ठेवायचे आणि कुठे कमवायचे हे पक्के ठाऊक होते. धुरातील अल्डिहाइडे नावाची रसायने कोलॅजेनच्या रेणूंमध्ये पक्के दुवे बांधतात, त्यामुळे असे कातडे भिजले तरी पुन्हा मऊच वाळते. बंदुकीची झालरदार खोळ त्याची शिवली जाई आणि तुटलेली मान कच्च्या कातड्याने बांधली जाई. लांब नळी घोड्यावर अडचणीची होते म्हणून ती कानशीने कापून आखूड केली जाई, आणि कापलेल्या तुकड्याचे एक टोक चपटे करून त्याचे कातडी खरवडण्याचे हत्यार बने. एका बंदुकीच्या नळीने खरवडलेल्या कातड्याने दुसऱ्या बंदुकीची मान बांधली गेली असणे अगदी शक्य आहे, आणि हा विचार मला फार विलक्षण वाटतो.

आता खिळ्यांकडे वळू. हे घुमटी डोक्याचे पितळी खिळे मुळात युरोपातील खुर्च्यांना आणि पेटाऱ्यांना चामडे ठोकण्यासाठी बनत. 1670 मध्ये स्थापन झालेली हडसन बे कंपनी आणि तिच्या मागून आलेले व्यापारी फरच्या बदल्यात जो माल देत, त्यात बंदुका, बंदुकीची दारू, ब्लँकेटे आणि मणी यांच्याबरोबर हे खिळेही असत. बंदुकीखेरीज सुऱ्यांची म्याने, कमरपट्टे, आरशांच्या चौकटी आणि तान्ह्या मुलांना पाठीवर वाहण्याच्या फळ्या यांवरही ते जडवलेले आढळतात. खास या व्यापारासाठी बनणाऱ्या बंदुकांच्या बाजूला पितळी सर्पाकृती पट्टी असे. घेणारे तीच अस्सलपणाची खूण मानत आणि ती नसली तर बंदूक नाकारत. म्हणजे लष्करी कार्बाइन हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून, लाकडावर चमकणारे पितळ हे बंदुकीचे योग्य रूप ठरून गेले होते.

एक खिळा म्हणजे एक बळी, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. ती मला पटत नाही. खिळ्यांमधले अंतर सारखे असते, ओळी दस्त्याच्या कडेला समांतर धावतात, वर्तुळे आणि क्रूस पूर्ण असतात; एकेक घटनेची नोंद वर्षानुवर्षे वाढत गेली असती तर अर्धवट आकृत्या आणि रिकाम्या जागा दिसायला हव्या होत्या. या आकृती आधी मनाशी धरून एका बैठकीत ठोकलेल्या आहेत. त्यांचा अर्थ मालकापाशी होता, आणि निरनिराळ्या जमातींना एकच अर्थ चिकटवणे धाडसाचे आहे.

या बंदुका कोणकोणत्या होत्या याचा उत्तम पुरावा माँटानातील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीने दिला. तिथे 25 जून 1876 रोजी लाकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांनी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या हाताखालच्या तुकडीचा पूर्ण पाडाव केला. 1983 मधील वणव्याने तिथले गवत जळून गेले, आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रांनी ती जमीन पद्धतशीरपणे तपासली. प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळून ते पेटवणारी खीळ, काडतुसाच्या पुंगळीवर आपली स्वतःची खूण ठेवते. 1866 सालच्या विंचेस्टर रायफलीची पिन तर दुटोकी असल्याने पुंगळीच्या कडेवर समोरासमोर दोन खुणा उमटतात. सापडलेल्या पुंगळ्यांवरून योद्ध्यांकडे डझनावारी प्रकारच्या बंदुका होत्या, त्यांत मागून गोळी भरण्याच्या नव्या रायफलींपासून तोंडातून दारू भरण्याच्या जुन्या बंदुकांपर्यंत सगळे होते, हे स्पष्ट झाले. सैनिकांकडून घेतलेल्या कार्बाइन त्याच दिवशी त्यांच्यावरच चालवल्या गेल्या, हेही खुणांच्या जागांवरून दिसले. लढाईनंतर पाच वर्षांनी, 19 जुलै 1881 रोजी, फोर्ट ब्यूफर्ड या लष्करी ठाण्यावर लाकोटांचा नेता सिटिंग बुल याने शरणागती पत्करली. आपली विंचेस्टर त्याने लहान मुलाच्या, क्रो फूटच्या हातून अधिकाऱ्याला दिली, आणि आपल्या जमातीत बंदूक खाली ठेवणारा मी शेवटचा आहे हे लक्षात राहावे, असे सांगितले.

अशा बंदुकांना आज मोठी किंमत येते, आणि त्यामुळे जुन्या कार्बाइनला नवे खिळे ठोकून विकण्याचा धंदाही चालतो. इथे रसायनशास्त्र उपयोगी पडते. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, कारण आम्ल तांब्याला विरघळवते. दस्त्यावर तेच काम फार संथपणे चालते: जवसाच्या तेलातील आणि हाताच्या तेलकटपणातील आम्ले खिळ्यातील तांब्याशी संयोग पावून हिरवा, मेणासारखा थर तयार करतात, आणि तो डोक्याच्या कडेने व खालच्या लाकडात मुरतो. ज्या खिळ्यांचे डोके पितळी पण दांडी लोखंडी असते, तिथे अक्रोडाच्या लाकडातील टॅनिन लोखंडाशी मिळून काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होते ती याच क्रियेने. जुने ओतीव खिळे डोक्यापासून दांडीपर्यंत अखंड पितळेचे असत. शिवाय 19व्या शतकाच्या अखेरीपासून विजेने शुद्ध केलेले तांबे सर्रास मिळू लागले, म्हणून जुन्या पितळेत आर्सेनिक, शिसे आणि अँटिमनीचे जे अंश राहत, ते नव्या पितळेत फारच कमी असतात. क्ष-किरणांनी मिश्रधातूतील मूलद्रव्ये मोजणारे हातात मावणारे यंत्र हा फरक एकही खिळा न उपटता टिपू शकते. संग्रहालयांनी पितळ चकचकीत दिसावे म्हणून हिरवा थर घासून काढू नये, असे मला कळकळीने वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांचा पुरावा त्या कडेच्या केसभर जागेत साठलेला असतो आणि एकदा पुसला की तो परत मिळत नाही.

वेष्टणालाही हात लावायची गरज नसते. मानेचे क्ष-किरण चित्र घेतले की कातडे फिकट सावलीसारखे दिसते, चापाचे लोखंडी भाग ठळक उमटतात, आणि त्यांच्यामधून लाकडातली तिरकी भेग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली स्पष्ट दिसते. लाकूड कधीच सांधलेले नाही. ते तुटलेलेच आहे, आणि एखाद्या तांड्यात सावकाश वाळू दिलेले कातडे त्याचे दोन तुकडे आजही एकमेकांवर दाबून आहे.