पार्श्वभूमी : पट्ट्या न सोडता ममी पाहायची कशी?

ममी उघडणे हा एकेकाळी लंडनमध्ये तिकीट लावून होणारा कार्यक्रम होता. १८३०च्या दशकात थॉमस पेटिग्रू हे शल्यविशारद भरल्या सभागृहात तिच्या पट्ट्या सोडत. एकदा सोडलेली ममी पुन्हा होती तशी बांधता येत नाही, याचे फारसे सोयरसुतक कोणाला नव्हते.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रंटगेन यांना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५मध्ये. चारच महिन्यांत फ्रँकफुर्टला वाल्टर क्योनिग यांनी इजिप्तमधल्या एका बालकाच्या ममीचे गुडघे आणि एक मांजराची ममी एक्स-रेवर पाहिली. पण यंत्र अवजड, त्यामुळे ममीलाच त्याच्या दारी जावे लागे. १९०३मध्ये कैरोत शरीररचनातज्ज्ञ इलियट स्मिथ आणि पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांनी चौथा थुटमोस, म्हणजे साक्षात फेरो, इजिप्तचा राजा, भाड्याच्या गाडीत घातला आणि एका नर्सिंग होममध्ये नेला!

तुतानखामेनपर्यंत मात्र यंत्रच गेले, १९६८मध्ये, थेट थडग्यात. लिव्हरपूलचे शरीररचनातज्ज्ञ हॅरिसन यांना एक्स-रेत कवटीच्या आत हाडाचा तुकडा दिसला आणि राजाच्या डोक्यात घाव घातल्याची कथा पुढे पस्तीसेक वर्षे रंगली. एक्स-रेची मेख हीच, की पुढचे-मागचे सगळे एकाच सावलीत गोळा होते. सीटी स्कॅन तेच काप-काप करून दाखवतो. जानेवारी २००५मध्ये राजांच्या दरीत, म्हणजे जिथे या राजांची थडगी आहेत तिथे, ट्रेलरवरून सीटी यंत्र नेले, सुमारे १,७०० प्रतिमा घेतल्या. ममी करताना कवटीत ओतलेली राळ थिजून बसली होती, हाडाचे तुकडे मात्र सुटे. घाव जिवंतपणी बसला असता तर ते राळेत रुतले असते. खुनाची कथा तिथेच बारगळली.

माझी आवडती ममी मात्र राजाची नाही. नेस्परेनुब हा इसवी सनापूर्वी ८००च्या सुमाराचा, इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिराचा पुजारी. ब्रिटिश म्युझियमने २०१२मध्ये त्याला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आणले होते. जुन्या एक्स-रेत त्याच्या डोक्याशी काहीतरी गूढ दिसे. जन्मावेळची वार जपून ठेवली असावी, इथपर्यंत तर्क गेले. सीटीत निघाली मातीची ओबडधोबड वाटी. ओघळणारी राळ धरायला डोक्याखाली ठेवली असावी आणि राळ सुकल्यावर ती तिथेच चिकटली. कारागिरांनी ती तशीच पट्ट्यांत गुंडाळून टाकली. आत काय आहे ते कोण बघायला येणार!