धावू की वजन उचलू? थुंकी नको, श्वास तपासा

बडोद्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही दिवस एक जाहिरात फिरते आहे. नळीत थुंकी भरून कुरिअरने पाठवा, पैसे भरा, की तुमचं शरीर कार्डिओसाठी घडलंय की स्ट्रेंथसाठी, हे तुमची जनुकं सांगतील! खाली एका गृहस्थांनी लिहिलं, ‘मला पळायचा मनस्वी कंटाळा. माझ्यात ते जीनच नसणार.’ त्यावर भराभर अंगठे उमटले. नवरात्रात हेच गृहस्थ मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळतात, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पूर्वी पत्रिका बघून मुलाने डॉक्टर व्हावं की वकील, ते सांगणारे लोक होते. थुंकीवाले त्यांचेच वारसदार, फक्त यांचा अहवाल रंगीत असतो.

जनुकांचा काहीच संबंध नाही, असं मात्र नाही. या किटांचं लाडकं जनुक म्हणजे एसीटीएन-३. झटक्यात काम करणाऱ्या स्नायुतंतूंमधलं अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन त्यावरून तयार होतं. जगात एक अब्जाहून जास्त माणसांच्या शरीरात हे प्रथिन बनतच नाही, आणि त्यांचं काही अडत नाही. अव्वल दर्जाच्या वेगवान धावपटूंत मात्र अशी माणसं फार क्वचित सापडतात. इथवर सगळं खरं. पण त्यावरून सयाजीगंजातल्या बँक कर्मचाऱ्याने ट्रेडमिल घ्यावी की डंबेल, हे ठरत नाही. २०१५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट लिहिलं, की थेट ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा चाचण्यांचा खेळाडू निवडायला किंवा व्यायाम ठरवायला उपयोग नाही.

घराण्याचा प्रभाव दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. क्लॉड बुशार यांच्या ‘हेरिटेज’ अभ्यासात ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांकडून २० आठवडे एकाच पद्धतीने सायकल चालवून घेतली. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते आधी आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ सुमारे ४०० मिलिलिटर. पण काहींत जवळजवळ शून्य, तर काहींत लिटरभराच्याही वर! शिवाय एका कुटुंबातल्या माणसांत ही वाढ बरीचशी सारखी होती. म्हणजे वारसा आहे, पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला. आणि शून्यवाल्यांनीही निराश व्हायचं कारण नाही. २०१७ साली झ्युरिकच्या संशोधकांनी अशाच ‘फरक न पडणाऱ्या’ लोकांचा व्यायाम आठवड्याला दोन वेळांनी वाढवला, तेव्हा त्यांच्यातही सुधारणा झाली.

हे सगळं क्षमतेबद्दल झालं. ‘कंटाळा’ ही निराळी चीज आहे, आणि तिचं मूळ मला श्वासात दिसतं. इथून पुढे थोडं रसायनशास्त्र आहे. मला ते फार आवडतं, तेव्हा गोड मानून घ्या.

स्नायू आकसायला एटीपी नावाचा रेणू लागतो. त्याचा स्नायूतला साठा जोरात काम केलं तर दोन-तीन सेकंदांत संपेल इतकाच, म्हणून तो सतत बनवत राहावा लागतो. रमतगमत चालताना हे काम पेशीतल्या मायटोकाँड्रिया ऑक्सिजनच्या मदतीने, चरबी आणि साखर जाळून, निवांत करतात. वेग वाढवला की ग्लुकोज फोडण्याची गती वाढते आणि त्यातून पायरुव्हेट तयार होतं. मायटोकाँड्रियांना ते घेता येईल त्याहून जास्त वेगाने ते येऊ लागलं, की उरलेल्याचं लॅक्टेट होतं. या बदलात एनएडी हा वाहक रेणू मोकळा होतो आणि ग्लुकोज फोडायची साखळी अडून बसत नाही. म्हणजे लॅक्टेट हा साचलेला कचरा नाही, ती वाट मोकळी करण्याची युक्ती आहे. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८०च्या दशकात दाखवायला सुरुवात केली, की एका स्नायूतलं लॅक्टेट रक्तातून हृदयाकडे आणि दुसऱ्या स्नायूंकडे जातं आणि तिथे चक्क इंधन म्हणून वापरलं जातं.

अडचण असते ती सोबत वाढणाऱ्या आम्लतेची. आम्लता आणणारे हायड्रोजन आयन वाढले की रक्तातलं बायकार्बोनेट त्यांना पकडतं, त्यातून कार्बोनिक आम्ल बनतं आणि ते लगेच पाणी व कार्बन डायऑक्साइड यांत फुटतं. खमणच्या पिठात लिंबू पिळून सोडा घातला, की पीठ फसफसून वर येतं, तीच ही अभिक्रिया. रक्त फुगत नाही, एवढंच. हा जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकावा लागतो. मेंदूच्या तळाशी आणि मानेतल्या कॅरोटिड धमनीजवळ आम्लतेवर डोळा ठेवणारे संवेदक आहेत. ते श्वसनकेंद्राला हलवतात. तोवर कामाच्या प्रमाणात शिस्तीत वाढत असलेला श्वास एकदम प्रमाणाबाहेर वाढतो. आलेख काढला तर रेषेला तिथे कोपर फुटलेलं दिसतं. हा श्वासाचा उंबरठा. व्यायाम न करणाऱ्या माणसात तो त्याच्या कमाल क्षमतेच्या निम्म्याहून जरा वर असतो, मुरलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूत ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणून कमाटीबागेत सकाळी शेजारी शेजारी सारख्याच वेगाने चालणाऱ्या दोघांपैकी एक भाचीच्या लग्नाच्या गोष्टी सांगत असतो आणि दुसरा नुसता हुंकार देतो. तो लक्ष देत नाही असं नाही, तो उंबरठ्यापलीकडे गेलेला असतो.

आता कंटाळ्याकडे येऊ. पँटेलिमॉन एक्केकाकिस हे मूळचे ग्रीक संशोधक अमेरिकेत अनेक वर्षं एकच प्रश्न विचारत आले आहेत: व्यायाम चालू असताना, त्या क्षणी, माणसाला कसं वाटतं? संपल्यावर नाही. संपल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं, सुटलो म्हणून. त्यांना दिसलं ते असं. उंबरठ्याच्या खाली बहुतेकांना छान वाटतं. उंबरठ्याच्या आसपास माणसामाणसांत फरक पडतो: कुणाला तो ताण आवडतो, कुणाला नाही. त्याच्या बऱ्याच वर गेलं की जवळजवळ सगळ्यांना वाईट वाटतं, कारण श्वास, तापमान आणि दुखरे स्नायू यांचे संदेश मेंदूवर थेट आदळतात. ‘मी करू शकतो’ वगैरे भिंतीवरची वाक्यं तिथे कामाला येत नाहीत. त्यांच्या गटाने बैठं आयुष्य जगणाऱ्या मध्यमवयीन बायकांना आधी स्वतःला रुचेल त्या वेगाने चालू दिलं, मग त्यापेक्षा फक्त १० टक्के जास्त वेग लादला. तेवढ्यानेही आनंद घसरत गेला.

‘मला पळणं आवडत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी पळणं म्हणून जे काही केलेलं असतं, ते पहिल्या मिनिटापासून उंबरठ्याच्या वर असतं, असा माझा अंदाज आहे. एक तारखेला नवे बूट, दोन तारखेला जीव कासावीस, आठवड्याने बूट बाल्कनीत.

उंबरठा शोधायला प्रयोगशाळा नको. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल फॉस्टर यांच्या प्रयोगशाळेत लोकांना व्यायाम करता करता अमेरिकी शाळांतली प्रतिज्ञा म्हणायला लावत आणि विचारत, ‘आरामात बोलता येतंय?’ उत्तर ठाम ‘हो’ असेल तर माणूस उंबरठ्याखाली. ‘नाही’ असेल तर वर. आणि ‘हो, पण...’ आलं की तो तिथेच जवळपास. आपल्याकडे ‘भारत माझा देश आहे’ सगळ्यांना पाठ आहेच. चालता चालता म्हणून बघा. बागेतले लोक वळून बघतील, बघू द्या.

गरबा मला या दृष्टीने नामी व्यायाम वाटतो. दम लागला की माणूस वर्तुळातून बाहेर पडतो, पाणी पितो, गप्पा मारतो, पुन्हा आत शिरतो. उंबरठ्याच्या खाली-वर ये-जा करण्याची सोय त्यात बांधलेलीच आहे, आणि कुणी शिट्टी वाजवत नाही. शिवाय तालात एकत्र हलण्याचा परिणाम वेगळा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१० साली वल्ही मारणाऱ्या खेळाडूंवर दाखवलं, की तेवढाच व्यायाम एकट्याने करण्यापेक्षा गटाने एका लयीत केला तर वेदना सहन करण्याची मर्यादा जास्त वाढते. दांडिया बाजारातल्या आखाड्याचे प्रा. माणिकराव सांघिक कवायतीच्या मागे का लागले असावेत, याचं एक उत्तर इथे असेल.

यावर कुणीतरी ‘एंडॉर्फिन!’ म्हणणार, हे ठरलेलं. पळणाऱ्यांच्या धुंदीचं श्रेय एंडॉर्फिनला, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या वेदनाशामक रसायनाला, देण्याची पद्धत जुनी आहे. पण २०२१ साली जर्मनीत एंडॉर्फिनचा मार्ग रोखणारं नाल्ट्रेक्सोन हे औषध देऊन लोकांना पळवलं, तरी त्यांची खुशी टिकलीच. आता संशय एंडोकॅनाबिनॉइड्सवर आहे, म्हणजे भांगेतल्या द्रव्याशी नातं सांगणारे, शरीरात तयार होणारे रेणू.

वजनं उचलण्याची मजा दुसऱ्या जातीची. एक सेट अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतो. त्यात फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे एटीपी झटपट परत बनवून देणाऱ्या रेणूचा, साठा बराचसा खर्च होतो, आणि दोन-तीन मिनिटं टेकलं की तो बराचसा भरून येतो. त्रास होतो, पण त्याला शेवट असतो आणि तो डोळ्यांसमोर असतो. लांबत जाणारा दम ज्यांना सोसत नाही, त्यांना हा हिशेब मानवतो. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, कारण स्नायू जाड होण्याआधी मज्जासंस्था जास्त तंतूंना एकदम कामाला लावायला शिकते. आरशात काही दिसत नाही, पण मागच्या महिन्यात न हललेलं वजन आता हलतं. जोर-बैठका काढणाऱ्यांनाही हा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचं खापर मात्र लॅक्टिक ॲसिडवर, म्हणजे त्याच लॅक्टेटवर, फोडू नका. ते तासाभरात नेहमीच्या पातळीला येतं. पावागढ चढून-उतरून आलेल्याच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरतात, त्या उतरण्यामुळे. पायऱ्या उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि त्यात तंतूंना सूक्ष्म इजा होते. लिंबूपाणी प्या, तहान भागेल; ठणका आपल्या वेळेने जाईल.

मग आवडेल तेच करायचं का? मुख्यतः हो. एका लहान अभ्यासात, मध्यम चालण्यात ज्यांना जास्त बरं वाटलं, तेच सहा आणि बारा महिन्यांनंतरही जास्त हालचाल करताना आढळले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा, असं दोन्ही आहे. आपल्याकडे दुसरा भाग लोक खुशाल गाळतात, बायका तर हमखास, आणि आपल्यालाच त्याची गरज जास्त. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी युडकिन यांच्यासोबत २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे दोघांचे फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आत चरबी, स्नायू कमी. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच शोषतात, आणि आकसणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत ओढतो. वयाची सबबही चालत नाही. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

वजनाचा विषय निघाला की बडोद्यात कुणीतरी गामा पैलवानाचा दगड काढतोच. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये तो आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने उचललेला, वजन १२०० किलो. आता २०२० साली आइसलंडच्या हाफथोर ब्यॉर्नसनने पोलादी बार, पट्टा आणि सगळी आधुनिक तयारी वापरून जमिनीवरून उचललेलं वजन ५०१ किलो होतं. तेव्हा गामाच्या बाबतीत ‘उचलला’ म्हणजे नेमकं काय केलं, हे विचारायला हरकत नसावी. तो थोर मल्ल होता, त्यासाठी १२०० किलोंची गरज नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. मनगटी घड्याळातले नाडीचे ‘झोन’ बहुधा २२० वजा वय या सूत्रावर बेतलेले असतात, आणि हे सूत्र एकेका माणसाच्या बाबतीत मिनिटाला दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी तर औषधाने दबलेलीच असते, त्यांना घड्याळ साफ चुकीचं सांगेल. त्यापेक्षा प्रतिज्ञा बरी. मे महिन्यातल्या आपल्या उकाड्यात रक्ताचा बराच भाग त्वचेकडे वळतो आणि एरवीच्या वेगाला ‘हो, पण...’ लवकर येतं. तेव्हा वेग कमी करा, आणि पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालणाऱ्या काकांकडे बघून तसं करू नका; त्यातून निघतं ते पाणी, आणि चहाबरोबर ते परत भरतं. छातीत दाब, चक्कर किंवा डाव्या हातात कळ आली तर प्रतिज्ञा म्हणत बसू नका, थांबा आणि तडक डॉक्टर गाठा.