तबकडीवर नाव नसलेले वादक

बेरी गॉर्डी यांनी १९५९मध्ये कुटुंबाच्या सामायिक बचतीतून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय सुरू केला आणि त्याच वर्षी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एक साधे घर विकत घेतले. मोटाउन कंपनीच्या या घरातील छोट्या स्टुडिओला वादक ‘स्नेकपिट’, म्हणजे सापांचा खड्डा, म्हणत, कारण तिथे जिकडेतिकडे तारा लोंबत असत. पुढच्या दशकभरात सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, मार्विन गे अशा गायकांची बहुतेक गाजलेली गाणी याच खोलीत मुद्रित झाली. दर गाण्याला आवाज वेगळा असे; त्यामागे वाजवणारे हात मात्र बरेचसे तेच होते. या वादकांना पुढे ‘फंक ब्रदर्स’ हे नाव मिळाले.

हे वादक मूळचे जॅझचे. मोटारकारखान्यांतील कामामुळे दक्षिणेकडून असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे डेट्रॉइटला आली होती आणि त्यांच्याबरोबर शहरात क्लबांचे व संगीताचे मोठे जाळे उभे राहिले होते. पियानोवादक जो हंटर हे ताफ्याचे पहिले प्रमुख; नंतर ती जबाबदारी अर्ल व्हॅन डाइक यांच्याकडे आली, तर ड्रमवर बेनी बेंजामिन असत. साउथ कॅरोलायनाहून १९५४मध्ये आईबरोबर आलेले जेम्स जेमर्सन उभा बास, म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य, वाजवत वाढले. पुढे इलेक्ट्रिक बास हाती घेतल्यावरही ते केवळ उजव्या तर्जनीने तार छेडत, आणि तरीही त्यांचा बास स्वतंत्र गाण्यासारखा मूळ चालीभोवती फिरत राही. माझ्या मते मोटाउनचे वेगळेपण सर्वांत स्पष्टपणे ऐकू येते ते इथेच.

वादकांसमोर पुष्कळदा फक्त कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, आराखडा असे. लय, ठेका आणि सुरावटींचे तुकडे तिथेच वाजवता वाजवता सापडत. टेम्प्टेशन्सच्या ‘माय गर्ल’ या १९६४च्या गाण्यात जेमर्सन यांच्या बासनंतर येणारा, चढत जाणारा गिटारचा तुकडा रॉबर्ट व्हाइट यांनी वाजवला. गाणे सुरू होताच रसिक ओळखतात ते या तुकड्यावरून. परंतु गाण्याचे हक्क गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांचे मानले जात. वादकाला वादनाचा मोबदला मिळे आणि त्याचा संबंध तिथेच संपे. शिवाय कंपनीला आपला ‘आवाज’ इतरांच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून वादकांची नावे तबकडीच्या आवरणावर छापली जात नसत आणि कोणी गुपचूप दुसऱ्या कंपनीसाठी वाजवल्याचे कळले, तर दंड होई. असे असूनही १९६७मध्ये यांपैकी काही जणांनी शिकागोला जाऊन गायक जॅकी विल्सन यांच्या ‘हायर अँड हायर’ या गाण्यासाठी साथ केली.

हे अनामिकपण अटळ नव्हते. मेम्फिसमधील स्टॅक्स कंपनीच्या ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ या ताफ्याने १९६२मध्ये ‘ग्रीन अनियन्स’ ही वाद्यरचना स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केली आणि त्यामुळे गायक ओटिस रेडिंग यांच्यामागे वाजवणारे हे चौघे श्रोत्यांना नावाने माहीत झाले. अलाबामातील मसल शोल्सच्या ताफ्याने तर १९६९मध्ये फेम स्टुडिओ सोडून शेजारच्या शेफील्ड गावात स्वतःचा स्टुडिओ काढला. दोन्ही ठिकाणी हाताशी काहीतरी स्वतःचे होते, कुठे नाव, कुठे जागा. डेट्रॉइटच्या वादकांजवळ यांपैकी काहीच नव्हते.

मार्विन गे यांच्या १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमच्या आवरणावर अखेर या वादकांची नावे छापली गेली. जेमर्सन यांच्या नावाआधी तिथे ‘अतुलनीय’ असे विशेषण आहे. पण पुढच्याच वर्षी कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला आणि बहुतेक वादक मागे राहिले. जेमर्सन तिकडे गेले खरे, मात्र तिथे त्यांना पूर्वीचे स्थान मिळाले नाही. १९८३मध्ये वयाच्या ४७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी २००० साली नवा विभाग उघडला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. फंक ब्रदर्सवरील माहितीपट २००२मध्ये आला. तोवर बेंजामिन, व्हॅन डाइक आणि रॉबर्ट व्हाइट हेही हयात नव्हते.